"आता या वयात कुठे?" म्हणण्याआधी हे वाचा

पन्नाशी ओलांडली की "आता या वयात कुठे" हे वाक्य तोंडात बसतं. पोहायला शिकायचं असतं, पेटी शिकायची असते, नाहीतर नुसतं मोबाईलवरून बिल भरायचं असतं, पण आपण आधीच नाही म्हणून मोकळे होतो आणि मग आतल्या आत कुढत बसतो. मला वाटतं यातल्या बऱ्याच मर्यादा शरीराने घातलेल्याच नसतात, आणि हे तपासून बघता येतं.

2001 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही वयोगटांतल्या लोकांना सामान्यज्ञानाची काही वाक्यं दिली, त्यातलं खरं कुठलं, खोटं कुठलं तेही सांगितलं, आणि नंतर काय लक्षात राहिलं ते विचारलं. काहीजणांना सुरुवातीलाच सांगितलं होतं की ही स्मरणशक्तीची टेस्ट आहे, तिथे वयस्कर मंडळी तरुणांच्या मागे पडली. बाकीच्यांना काम तेच दिलं, फक्त स्मरणशक्तीचा विषयच काढला नाही, आणि तिथे दोघांत फरकच दिसला नाही! याचं एक स्पष्टीकरण असं देतात की "माझ्या काही लक्षात राहणार नाही" ही धास्तीच मेंदूची तेवढी जागा अडवते, मग आठवायला उरतं काय.

म्हणजे वय हा नुसता मनाचा खेळ आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. मेंदूचा झटपट प्रतिसाद देण्याचा वेग तरुणपणापासूनच हळूहळू कमी होत जातो, हृदयाचे जास्तीत जास्त ठोके किती पडू शकतात तो आकडाही वयाबरोबर खाली येतो, व्यायामाने तो फारसा वाढत नाही. पण त्याच मेंदूतला शब्दसाठा साठीच्या पुढेही चांगला राहतो, वाढतोसुद्धा, आणि हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट स्नायूंची आहे. 1990 मध्ये बोस्टनमधल्या डॉ. मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या 10 अशक्त लोकांकडून वेट ट्रेनिंग करून घेतलं, म्हणजे मांड्यांसाठी चांगली जड वजनं, आपण घाबरून ज्याला हात लावू देणार नाही अशी. 8 आठवड्यांत पायांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली, दोघांची तर काठी सुटली. स्नायू आधी फार क्षीण होते म्हणून टक्केवारी एवढी मोठी दिसते हे खरं, पण नव्वदीत स्नायू अजून शिकायला तयार असतो हेही तितकंच खरं. फ्रान्सचे सायकलपटू रॉबेर मार्शां यांनी 2012 मध्ये वयाच्या शंभरीत एका तासात 24.25 किलोमीटर अंतर कापलं, मग शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने सरावाची पद्धत बदलली आणि 2014 मध्ये, 102 व्या वर्षी, ते 26.927 किलोमीटरवर गेले. शंभरीनंतर सुधारणा!

आणि ती मधल्या वयातली बेचैनी, "सगळं आहे पण काहीतरी चुकतंय" वाली? बऱ्याच देशांच्या आकडेवारीत समाधान चाळिशीच्या मध्याला खाली जातं आणि नंतर पुन्हा वर येतं असं दिसलंय, त्यावर संशोधकांत वादही आहेत. 2012 मध्ये 508 चिंपांझी आणि ओरांगउटानांबद्दल त्यांना सांभाळणाऱ्या, ओळखणाऱ्या माणसांना विचारलं तर त्यांच्यातही मध्यमवयात तसाच उतार दिसला, आणि त्यांना ना होमलोन असतं ना पोरांच्या ॲडमिशनचं टेन्शन. त्यामुळे या वयातल्या असमाधानाला लगेच स्वतःचं अपयश समजू नका, कदाचित त्यात थोडी जीवशास्त्राचीही भर असेल.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गाव आहे, तिथे योगेंद्र बांगर या शिक्षकांनी 2016 च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ते नव्वदीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसल्या, ज्या आयुष्यभर कागदावर अंगठा देत आल्या होत्या त्या सही करायला शिकल्या. कुणीतरी वर्ग भरवायला हवा होता, बस.

बोस्टनच्या त्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र राहिली. व्यायाम थांबवल्यावर अवघ्या 4 आठवड्यांत कमावलेल्या ताकदीला मोठी गळती लागली, जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. म्हणून तुमच्या आई-बाबांना किंवा स्वतःला सुरुवात करून देताना डॉक्टरांना विचारा, हलक्या वजनाने सुरू करा आणि मग सोडू नका, सत्तरीत नाही, ऐंशीतही नाही.