आधी नळ बघा, मग मशीन

मागच्या दिवाळीत नाशिकला मावशीकडे गेलो तर बाथरूमबाहेर नवी कोरी फुल्ली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन उभी, वर घड्या करून ठेवलेले कपडे, आणि मावशी आत पाटावर बसून हाताने धुतेय. विचारलं तर म्हणाली, "अरे पाणीच घेत नाही, अर्धी भरते नि पी पी करत बसते." मेकॅनिक दोनदा येऊन गेला, मशीन ओके आहे म्हणाला, आणि ते खरंच होतं. मावशीचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे, टाकी बरोबर डोक्यावर, आणि विकताना दुकानात हे कोणी विचारलंच नाही. मोजकेच पैसे असलेल्या माणसाचे वीसेक हजार असे अडकून पडतात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पाण्याचं प्रेशर टाकी किती लिटरची यावर ठरत नाही, पाणी नळाच्या किती वर आहे यावर ठरतं. साधारण ३३ फूट उंचीला १ बार (बार हे प्रेशरचं माप), म्हणजे १० फुटाला ०.३ बार. बऱ्याच फुल्ली ऑटोमॅटिक मशीनच्या माहितीपुस्तकात कमीत कमी ०.३ ते ०.५ बार लागतं असं लिहिलेलं असतं, कारण पाणी आत घेणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये एक रबरी पडदा असतो, वीज आली की त्याचं फक्त बारीक भोक उघडतं आणि बाकी पडदा उचलायचं काम पाण्याच्या जोरानेच व्हायचं असतं. जोर नसला की पडदा नीट उचलला जात नाही, धार बारीक येते आणि ठराविक वेळात पाणी भरलं नाही की मशीन थांबते. मावशीकडे टेप लावून मोजलं, टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत जेमतेम ८ फूट, त्यात पाइपाला चार एल्बो, म्हणजे जोर कमी करणारी वळणं. सकाळी टाकी काठोकाठ असायची तेव्हा पाण्याची उंची दोन-तीन फूट वाढायची, म्हणून सकाळी मशीन चालायची आणि दुपारी अडायची. प्रेशर पंप बसवून हे सुटतं, पण तो खर्च वेगळा.

सेमी ऑटोमॅटिकला, म्हणजे धुण्याचा आणि पिळण्याचा टब वेगळा असलेल्या मशीनला, ही अडचण नाही, बादलीने ओतलं तरी चालतं. आणि १०-१२ हजारांच्या आत नवी मशीन घ्यायची तर बहुतेक सेमीच मिळते, तेव्हा लोक थोडं मन मारूनच ती घेतात. मला वाटतं तसं करायची गरज नाही, कारण एका बाबतीत सेमी महागड्या टॉप लोडपेक्षा (वरून कपडे टाकायची फुल्ली ऑटोमॅटिक) सरस ठरते, ते म्हणजे पिळणं.

ड्रायर, म्हणजे पिळायचा टब, फिरतो तेव्हा कपडे भिंतीला अडकून गोल फिरत राहतात, पाण्याला मात्र भोकांपाशी अडवणारं काही नसतं म्हणून ते सरळ बाहेर निसटतं. हा जोर टबाच्या त्रिज्येच्या पटीत वाढतो, पण स्पीडच्या वर्गाच्या पटीत, म्हणजे स्पीड दुप्पट तर जोर चौपट. सेमीचा ड्रायर छोटा असतो, त्रिज्या ११ सेंटिमीटर धरा, पण तो मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे घेतो. हिशोब केला तर गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट जोर येतो. टॉप लोडचा टब मोठा, २३ सेंटिमीटर धरला, पण स्पीड ७०० च्या आसपास, तिथे साधारण १२५ पट. पावसाळ्यात खोलीत दोरी बांधून कपडे वाळवणाऱ्या घराला हा फरक लगेच कळतो. फ्रंट लोड, म्हणजे समोरून दार असलेली, १००० ते १२०० ला फिरते आणि टबही मोठा, त्यामुळे ती दोघींच्या पुढे, पण तिची किंमतही तशीच.

याच जोरामुळे ड्रायर धाडधाड उडतो. ओला टॉवेल एका बाजूला कोंबला आणि तिकडे फक्त १०० ग्रॅम वजन जास्त झालं तरी २०० पटीने ते २० किलोचा धक्का होतं, आणि तो सेकंदाला एकवीस-बावीस वेळा बसतो. बेअरिंग आणि सील त्यानेच जातात. कपडे गोल पसरून हाताने खाली दाबायचे, वर ती प्लास्टिकची चकती ठेवायची, मग झाकण. एवढं केलं तरी मशीनचं आयुष्य पुष्कळ वाढतं.

बोअरचं पाणी असेल तर अजून एक टेस्ट घरीच करा. बाटलीत पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा कीस टाकून जोरात हलवा, फेस न येता पांढरा चोथा तरंगला तर पाणी जड आहे. असं पाणी तापवलं की त्यातला कॅल्शियम हीटरवर पांढरा थर धरतो, म्हणून हीटरवाली मशीन अशा घरी जास्त जपावी लागते. हीटरमुळे बिलही वाढतं. १५ लिटर पाणी २५ डिग्रीवरून ६० डिग्रीला न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा जास्त वीज जाते, सेमीची ४०० वॅटची मोटर पंधरा मिनिटं चालली तर ०.१ युनिट. कपडे अर्धा तास पावडरमध्ये भिजवले तर रोजच्या मळाला तापवायची गरजच पडत नाही.

टिकाऊपणाचं म्हणाल तर सेमीत दोन मोटरी वेगळ्या असतात, ड्रायर बंद पडला तरी धुणं चालू राहतं. बिघडतं काय तर बेल्ट, टायमर, किंवा मोटरचा कंडेन्सर, आणि हे गल्लीतल्या मेकॅनिकला जमतं. फुल्लीत सगळं एका सर्किट बोर्डावर, व्होल्टेज वरखाली झालं आणि तो उडाला की सगळं ठप्प. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत पत्र्यापेक्षा प्लास्टिक बॉडी बरी. आणि कुठलीही घ्या, खाली उंदरांची जाळी आहे ना ते वाकून बघा, नसेल तर बसवून घ्या.

सेमीत माणूस लागतो हे खरंय. कपडे या टबातून त्या टबात, दोनदा खळबळून, ओले कपडे उचलताना पाठ धरते. घरात दोघंही कामावर असतील, कुणाची कंबर दुखत असेल आणि नळाला जोर असेल तर टॉप लोडच घ्या, बिनधास्त.

मावशीची कंबर दुखतेच, म्हणून आम्ही मशीन बदलली नाही. टाकीखाली विटांचा तीन फुटांचा ओटा बांधून घेतला, चार एल्बोंचे दोन केले. आता दुपारीही पाणी भरतं.