कांद्याच्या मुळापासून माणसाच्या 46 गुणसूत्रांपर्यंत

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, हे आज शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. पण 1955 सालापर्यंत जगभरचे जीवशास्त्रज्ञ हा आकडा 48 धरून चालले होते. ही चूक ज्यांनी दुरुस्त केली, त्यांतल्या एकाचा हात कांद्याच्या मुळांवर बसलेला होता. पेशीविभाजनाच्या अभ्यासातली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कांदाच का? पाण्यावर टेकवून ठेवला की दोन-तीन दिवसांत त्याला पांढरी मुळे फुटतात आणि त्यांच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात. शिवाय कांद्याची गुणसूत्रे फक्त 16 आणि चांगली मोठी. टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवायचा, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित कोमट करून मऊ करायचा, अ‍ॅसिटोकार्माइनने रंगवायचा आणि कव्हर स्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायचा. दाब सरळ खाली पडला पाहिजे. स्लिप जरा सरकली तरी पेशी चोळामोळा होतात.

सूक्ष्मदर्शकातून पाहिले की बहुतेक पेशींत नुसते गोल केंद्रक दिसते. मधूनच एखादीत गुणसूत्रांचा गुंता असतो. एखादीत ती मधोमध ओळीने लागलेली असतात. एखादीत दोन गट पेशीच्या दोन टोकांकडे निघालेले असतात आणि प्रत्येक गुणसूत्राची टोके मागे राहिलेली दिसतात, कारण तर्कुतंतू, म्हणजे विभाजनाच्या वेळी पेशीत ताणले जाणारे बारीक धागे, त्याला मधल्या बिंदूपाशी धरून ओढत असतात. काचेवरची प्रत्येक पेशी मेलेली, एका क्षणाला थांबलेली. अशा थांबलेल्या क्षणांचा क्रम जुळवायचा म्हणजे खरे काम. जर्मन जीवशास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या अळ्यांमध्ये ते केले आणि 1882 साली पुस्तकरूपाने मांडले. वनस्पतींत हेच काम एडुआर्ड स्ट्रासबुर्गर करत होते.

सुरुवातीला म्हटलेला कांद्यावर हात बसलेला माणूस म्हणजे स्वीडनचे अल्बर्ट लेवान. त्यांनी 1938 साली कांद्याच्या मुळांना कोल्चिसिन देऊन पाहिले. हे द्रव्य आपल्याकडच्या कळलावीतही असते. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीत कुंपणांवर लाल-पिवळ्या फुलांनी पेटलेली दिसते ती. तिचा कंद विषारी, आणि विष हेच. कोल्चिसिन ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते, त्यामुळे त्यापासून तर्कुतंतू उभारले जात नाहीत. गुणसूत्रे आखूड, जाड होऊन तयार असतात, पण त्यांना ओढणारे कोणी नसते. विभाजन तिथेच अडते आणि मोजण्याजोग्या पेशींची संख्या वाढते.

1955 च्या डिसेंबरात लेवान यांच्या लुंड येथील प्रयोगशाळेत जो हिन त्जिओ यांनी माणसाच्या भ्रूणाच्या फुप्फुसातल्या पेशींवर कोल्चिसिन वापरले. जोडीला पेशीशास्त्रज्ञ टी. सी. श्यू यांची युक्ती होती: पेशी पातळ क्षारद्रवात ठेवायच्या, म्हणजे त्या फुगतात आणि गुणसूत्रे एकमेकांपासून सुटी होतात. मग मुळाच्या टोकासारख्याच त्या काचेखाली दाबल्या. मोजदाद पुन्हा पुन्हा 46 भरली. 1956 साली निबंध आला आणि तीनच वर्षांत डाउन सिंड्रोममध्ये 47 गुणसूत्रे असतात हे कळले. आकडाच चुकीचा असता तर एक जास्त आहे हे कशावरून ठरवणार होते?

कांद्याची युक्ती माणसाला लागू पडली, कारण गुणसूत्रे वाटून देणारी यंत्रणा दोघांत मुळात एकच आहे. थोडा फरक आहेच. प्राणिपेशीत तर्कूच्या, म्हणजे तर्कुतंतूंच्या जुडग्याच्या, दोन टोकांना तारककेंद्रे नावाच्या बारीक रचना असतात. कांद्यासारख्या सपुष्प वनस्पतींत ती नसतात, तरीही तर्कू बरोबर उभा राहतो.

मोठा फरक शेवटी पडतो, पेशी दोन भागांत तुटताना. प्राणिपेशीत प्रद्रव्यपटलाखाली अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे कडे तयार होते, म्हणजे आपले स्नायू ज्या प्रथिनांवर चालतात तीच. ते आवळत जाते, बाहेरून आत खाच पडते आणि पेशी दुभंगते. वनस्पतिपेशीभोवती सेल्युलोजची ताठ भित्तिका असते. तिला आवळून चालत नाही. म्हणून तिथे काम उलट दिशेने होते. गॉल्गी संकुल या पेशीतल्या भागातून निघालेल्या बारीक पिशव्या पेशीच्या मध्यभागी जमतात, एकमेकींत मिसळतात आणि त्यांची पेशीपट्टिका, म्हणजे नव्या भिंतीची सुरुवात, कडेकडे वाढत जाऊन जुन्या भित्तिकेला मिळते.

ती नेमकी कुठे मिळायची, हेही आधीच ठरलेले असते. गुणसूत्रे ओळीत लागण्याच्या कितीतरी आधी भित्तिकेलगत सूक्ष्मनलिकांचा, म्हणजे तर्कुतंतू ज्यांचे बनतात त्याच बारीक नळ्यांचा, एक पट्टा उमटतो. 1966 साली पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी गव्हाच्या रोपात त्याचे वर्णन केले. विभाजन सुरू होताच हा पट्टा नाहीसा होतो. पण काही प्रथिने त्या जागी खूण धरून थांबतात, आणि बऱ्याच वेळाने मधून वाढत आलेली पेशीपट्टिका बहुधा त्याच रेषेवर येऊन टेकते. वनस्पतीच्या पेशीला जागा बदलता येत नाही, त्यामुळे नवी भिंत कुठे पडते यावरच मूळ सरळ वाढणार की नाही, हे अवलंबून असते.