गाडी कॅराव्हॅन ओढेल हो, पण आवरेल का? टो-बार बसवून घेतलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

टो-बार (कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर गाडीमागे जोडायचा दांडा) बसवून झाला की चावी हातात देताना आम्ही प्रत्येकाशी पंधरा-वीस मिनिटं बोलतोच, पण त्या वेळी कुणाला निघायची घाई असते, कुणाची पोरं मागच्या सीटवर कंटाळलेली असतात, त्यामुळे निम्मं डोक्यात राहत नाही हे आम्हाला माहितीये. म्हणून तेच बोलणं इथं लिहून देतोय. घरी निवांत वाचा, आणि गाडी दोघं चालवणार असाल तर दोघांनीही वाचा.

आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "आमची गाडी ओढेल ना?" बहुतेक वेळा ओढते. हल्लीच्या टर्बो इंजिनांना ताकदीची कमी नाहीये, सपाट रस्त्यावर तर मागे काही जोडलंय हे थोड्या वेळाने विसरायला होतं, आणि नेमकी तिथंच फसगत होते. उतार लागला, पुढच्याने अचानक ब्रेक मारला, शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला की ती हजार-बाराशे किलोची कॅराव्हॅन तुमच्या गाडीला ढकलायला लागते, कडेला खेचायला लागते, आणि तेव्हा इंजिनची ताकद काही कामाची नसते, गाडीचं स्वतःचं वजन आणि तुम्ही सामान कसं भरलंय हे दोनच उपयोगी पडतात. म्हणून आम्ही विचारतो, ओढेल हे कळलं, आवरेल का?

वजनाचा हिशोब

गाडीच्या कागदपत्रांत किंवा दाराच्या चौकटीजवळच्या प्लेटवर काही आकडे असतात. ब्रेकवाला ट्रेलर किती किलोचा चालेल, बिनब्रेकचा किती (हा खूपच कमी असतो), आणि गाडी अधिक ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती. यातला एकही आकडा ओलांडायचा नाही, त्यात चर्चा नको. पण एवढ्यावर थांबूही नका, कारण युरोपात हा ओढण्याचा आकडा ठरवताना मुख्यतः काय बघतात तर १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा गाडी जागेवरून निघते का. म्हणजे तो ओढण्याचाच आकडा झाला, वाऱ्यात किंवा उतारावर ती कॅराव्हॅन सरळ राहील का याबद्दल तो काहीच सांगत नाही.

त्यासाठी कॅराव्हॅनवाल्यांचा जुना अनुभवाचा आकडा आहे ८५ टक्के. गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा भरलेली कॅराव्हॅन जड नको, निदान नवख्या माणसाने तरी हे पाळावं. गाडी १५०० किलोची असेल तर कॅराव्हॅन सामानासकट १२७५ किलोपर्यंत. सरावलेली माणसं १०० टक्क्यांपर्यंत जातात, त्यापुढे आम्ही कुणालाच सांगत नाही, मग गाडीच्या प्लेटवर काहीही लिहिलेलं असो. हा कायदा नाही, सल्ला आहे, पण आम्ही तो मनापासून देतो. प्रत्येक देशात लायसन्सचे, वजनाचे आणि वेगाचे नियम वेगळे असतात, ते आपापले बघून घ्या.

आता एक गोष्ट हमखास चुकते. कॅटलॉगमधलं वजन रिकाम्या कॅराव्हॅनचं असतं. त्यावर तुम्ही जास्तीची बॅटरी ठेवता (२०-२५ किलो सहज), पुढचा तंबू म्हणजे ऑनिंग त्याच्या पाइपांसकट ठेवता, गॅसचे सिलेंडर, खुर्च्या, भांडी, अंथरूण-पांघरूण, पोरांच्या सायकली, आणि पाण्याची टाकी ४० लिटरची असेल तर ती भरली की झाले ४० किलो. कॅराव्हॅन रिकामी ११०० आणि तिची परवानगी १३०० ची, म्हणजे हातात फक्त २०० किलो आणि ते किती पटकन संपतात ते बघून लोकांना धक्काच बसतो. पाणी मुक्कामावर पोचून भरा. आणि एकदा तरी सगळं भरून वजनकाट्यावर न्या, अंदाजाने नाही.

तोंडावरचं वजन (हा भाग दोनदा वाचा)

कॅराव्हॅनचं तोंड तुमच्या टो-बॉलवर (टो-बारच्या टोकाचा गोळा) किती किलोने खाली दाबतंय ते म्हणजे तोंडावरचं वजन, बरेच जण नोज वेट म्हणतात. संपूर्ण पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

बैलगाडी मागून जड झाली की पुढून उचलली जाते, त्याला उलाळ होणं म्हणतात. कॅराव्हॅनचंही तसंच, फक्त ती टो-बॉलला अडकलेली असल्यामुळे उलाळ झालेली दिसत नाही, ते कळतं वेग वाढल्यावर, जेव्हा मागचा भाग डावी-उजवीकडे झुलायला लागतो. म्हणून तोंडावर पुरेसं वजन हवंच. युरोपियन पद्धतीच्या कॅराव्हॅनला भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, म्हणजे १२०० किलोला ६० ते ८४ किलो. अमेरिकन पद्धतीच्या ट्रेलरना १० ते १५ टक्के सांगतात, त्यांची हिच (बॉलवर बसणारा तोंडाचा जोड) आणि गाड्या वेगळ्या असतात, त्यामुळे इंटरनेटवर दोन वेगवेगळे आकडे दिसले तर गोंधळू नका, आपली कॅराव्हॅन कुठल्या प्रकारची ते बघा.

जास्तही नको. गाडीची मर्यादा वेगळी, टो-बारची वेगळी, कॅराव्हॅनच्या हिचची वेगळी, आणि तिघांत जी सगळ्यात कमी तीच आपली. गाडीला ७५ लिहिलंय, टो-बारला ९० आणि हिचला १०० तर तुमचा आकडा ७५. हा दाब गाडीच्या सामानातच मोजायचा, डिकी ठासून भरायची आणि वर हे ७५ असं नाही चालत. शिवाय टो-बॉल मागच्या चाकाच्याही मागे असतो, त्यामुळे तरफेसारखं होतं. समजा बॉल मागच्या चाकांपासून एक मीटर मागे आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर आहे, तर ८० किलोच्या दाबाने मागच्या चाकांवर ११० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे ३० किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात.

मोजायला महागडं काही लागत नाही. कॅराव्हॅन सपाट जागी सामानासकट उभी करा, हँडब्रेक लावा, चाकांना पाचर द्या. बाथरूममधला वजनकाटा जमिनीवर ठेवा, त्यावर एक फळी, आणि फळीवर लाकडाचा उभा ठोकळा, एवढ्या उंचीचा की हिच त्यावर टेकल्यावर साधारण टो-बॉलच्याच उंचीला येईल. हिचचं तोंड ठोकळ्यावर टेकवा आणि जॉकी व्हील (तोंडाजवळचं आधाराचं छोटं चाक) हळूहळू वर घ्या, ते जमिनीपासून सुटलं की काट्यावर दिसेल तो आकडा. आता गंमत बघा, मागच्या कपाटातली एक जड पिशवी उचलून पुढच्या बेडखाली ठेवा आणि परत आकडा बघा. दहा किलो इकडचे तिकडे झाले तर काय होतं ते एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पुढे कधी सांगावं लागत नाही.

सामान लावताना जड ते खाली आणि चाकांच्या दांड्याच्या आसपास, मध्यम वजनाचं खालीच पण थोडं पुढे-मागे, वरच्या कपाटांत फक्त टॉवेल-कपडे असलं हलकं. शेपटाकडे जड काहीही नको. पुष्कळ जण म्हणतात की मागे सायकली ठेवतो आणि पुढे तेवढंच वजन ठेवून तोल सांभाळतो. तोंडावरचा आकडा बरोबर येईल हो, पण झुलणं थांबणार नाही, उलट वाढेल, कारण वजन चाकांपासून जेवढं लांब तेवढी कॅराव्हॅन एकदा फिरायला लागली की थांबायला अवघड, आणि हे अंतराच्या वर्गाने वाढतं, म्हणजे एक मीटरवरचे दहा किलो तीन मीटरवर नेले की त्यांचा त्रास नऊपट.

आमच्याकडेच एकदा एक कुटुंब पहिल्या ट्रिपहून अर्ध्यातून परत आलं होतं, उतारावर कॅराव्हॅन इतकी झुलली की त्यांना वाटलं टो-बारच निसटतोय. आम्ही सगळं तपासलं, बोल्ट जागच्या जागी. मग मागचं कपाट उघडलं तर त्यात पूर्ण ऑनिंग, पाण्याचे दोन भरलेले कॅन आणि अवजारांची पेटी. तोंडावर मोजलं तर ३० किलोसुद्धा नव्हते. तेच सामान तिथल्या तिथे पुढे हलवलं, आकडा ७० च्या वर आला, आणि तीच गाडी, तीच कॅराव्हॅन, संध्याकाळी फोन आला की आता मागे काही आहे असं वाटतच नाही. बसवून देताना हे आम्ही करून दाखवायला हवं होतं, तेव्हापासून प्रत्येकाला दाखवतो.

झुलायला लागलीच तर

अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरा, गाडीचा वेग आपोआप उतरू द्या. बस्स. झुलण्याच्या उलट दिशेला स्टिअरिंग फिरवायला जाऊ नका, आपला हात नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि झोका आणखी मोठा होतो. जोरात ब्रेक नको. आणि वेग वाढवून गाडी ताणून सरळ होते हा जुना सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका, प्रत्येक गाडी-कॅराव्हॅनच्या जोडीला एक वेग असतो ज्याच्या वर झोके विरायच्या ऐवजी वाढतच जातात, त्याच्या दिशेने आपण कशाला जायचं? सावरली की पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान बघा, टायरची हवा बघा.

स्टेबिलायझर (झुलणं कमी करणारा भाग) असेल तर छान, पण तो चुकीच्या भरलेल्या कॅराव्हॅनवरचा इलाज नाही. आणि घर्षणाच्या पॅडवाला स्टेबिलायझर असेल तर टो-बॉलला ग्रीस अजिबात लावायचं नाही. दुरुस्तीला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी चांगल्या भावनेने ग्रीस फासलेलं असतं आणि पॅड वाया गेलेले असतात. साध्या हिचला ग्रीस लागतं, पॅडवाल्याला बॉल कोरडा, स्वच्छ आणि रंग काढलेला लागतो, हा फरक लक्षात ठेवा.

जोडताना

हिच बॉलवर बसली की खटका ऐकू येतो, हिरवी खूण दिसते, तरी त्यावर विश्वास ठेवू नका. जॉकी व्हील फिरवून तोंड वर उचलायचा प्रयत्न करा, गाडीचा मागचा भाग दोन-चार सेंटीमीटर सोबत उचलला गेला पाहिजे, तरच खरं बसलंय. मग जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन घट्ट करा. ब्रेकअवे केबल ही ती बारीक तार, लोक तिला फालतू समजतात. कॅराव्हॅन सुटलीच तर ही तार तिचा हँडब्रेक ओढते आणि मग स्वतः तुटते. ती टो-बारच्या कडीला अडकवा, बॉलवर नुसती टाकून ठेवू नका, वळताना ताणली जाणार नाही आणि जमिनीवर घासणार नाही एवढीच सैल हवी.

प्लग लावून इंडिकेटर, ब्रेक लाइट दुसऱ्या माणसाला मागे उभं करून तपासा. चार कोपऱ्यांचे पाय वर, छताच्या खिडक्या बंद, गॅस सिलेंडरलाच बंद. कॅराव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर जोडाचे आरसे (गाडीच्या आरशांना जोडायचे जास्तीचे आरसे) लावाच. कॅराव्हॅनची उंची एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, कमान समोर आल्यावर आठवत बसायला वेळ नसतो. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही, पोरं कितीही हट्ट करोत.

टायर झिजलेले नसतात म्हणून लोक बदलत नाहीत, पण कॅराव्हॅन वर्षातले बरेच महिने एकाच जागी उन्हात उभी असते आणि टायर चालून नाही तर वयाने खराब होतात. बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षं झाली की आम्हाला दाखवा, सातच्या पुढे नकोच.

चालवताना

वळणावर कॅराव्हॅन आतून कापते, म्हणून थोडं पुढे जाऊन मग वळा. पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या दुप्पट. वेगाचा मोह टाळा, ६० वरून ८० वर गेलात की वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो पण थांबवायची ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. लांब उतारावर आधीच खालच्या गिअरला या, ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून ऐन वेळी ढिले पडतात. चढावर टेम्परेचरच्या काट्याकडे लक्ष असू द्या.

रिव्हर्ससाठी एक सोपी युक्ती. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, कॅराव्हॅनचं मागचं टोक डावीकडे हवं तर हात डावीकडे, उजवीकडे हवं तर उजवीकडे. अगदी हळू, थोडं थोडं. कोन जास्त झाला की पुढे घेऊन सरळ करा आणि परत या, त्यात लाज कसली. मोकळ्या मैदानात तासभर सराव केला की जमतं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी आधी कागद बघा, कितीतरी मॉडेलना टो करायची परवानगीच नसते, आणि ज्यांना आहे त्यांची रेंज साधारण निम्म्यावर येते असं धरूनच मुक्काम ठरवा.

पहिल्या ट्रिपच्या आधी कॅराव्हॅन सामानासकट आमच्याकडे घेऊन या, तोंडावरचं वजन मोजून, सामान हलवून देतो. आणि निघाल्यावर ५० किलोमीटरच्या आसपास एकदा थांबाच. चाकं नुकतीच काढून बसवली असतील तर बोल्ट टॉर्क रेंचने परत बघा. मग कॅराव्हॅनच्या प्रत्येक चाकाच्या मधल्या भागाजवळ हात न टेकवता नुसता धरून बघा, एका बाजूची आच दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त लागत असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकतोय. तसंच पुढे जाऊ नका, तिथूनच आम्हाला फोन करा.