ठिसूळ टंगस्टनची तार कशी झाली

दिव्यातला तंतू जितका तापेल, तितका उजेड पांढरा आणि वीज सत्कारणी. एडिसनच्या १८७९ च्या दिव्यातला कार्बनचा तंतू फार तापवला की झिजायचा, काच आतून काळी पडायची. म्हणून शोध सुरू झाला तो सहजी न वितळणाऱ्या धातूंचा. टँटलम सुमारे ३,००० अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याची तार सहज ओढता येते. १९०५ च्या सुमारास जर्मनीत त्याचे दिवे विकायला आले. टंगस्टन ३,४०० अंशांच्याही पुढे टिकते, पण ते वाकवायला जावे तर काडकन मोडते. युस्ट आणि हानामान या संशोधकांनी १९०४ मध्ये टंगस्टनचे तंतू बनवले खरे, पण तेही जरा धक्का लागला की तुटायचे.

ही कोंडी फोडली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कूलिज यांनी, १९०९-१० च्या सुमारास. धातू वितळवण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी भुकटी दाबून कांडी केली. हायड्रोजनमध्ये वीज सोडून ती भाजली, मग तापलेली असतानाच ठोकत ठोकत बारीक केली आणि शेवटी हिऱ्याच्या डायमधून, म्हणजे बारीक भोकाच्या साच्यातून, ओढली. यातली खरी गंमत कणरचनेत, म्हणजे धातूच्या आतल्या स्फटिक-कणांच्या मांडणीत आहे. तांब्याची तार ओढून कडक झाली की तापवून मऊ करतात. टंगस्टनचे उलटे: ठोकून-ओढून कण लांबट, तंतुमय झाले की तार वाकू लागते आणि जास्त तापवून नवे कण वाढू दिले की पुन्हा ठिसूळ होते. माझ्या मते धातुशास्त्रातला हा फार मोठा विजय आहे.

तरी दिवा पेटता असताना हेच कण वाढत आणि तंतू लोंबकळे. पुढे अलादार पाच (Pacz) या संशोधकांनी पोटॅशियमयुक्त क्षार मिसळून त्यावर तोड काढली. तारेत उरलेले पोटॅशियमचे अतिसूक्ष्म बुडबुडे कणांच्या सीमा अडवून धरतात, हे कारण कळायला मात्र आणखी काही दशके गेली.

आज तंतूचे दिवे मागे पडले, तार नाही. वायर-कट यंत्रात मॉलिब्डेनमची तार ठिणग्यांनी पोलाद कापते. टंगस्टन-ऱ्हेनियमचे थर्मोकपल २,००० अंशांच्या वरचे तापमान मोजतात. मर्यादा एकच, पण मोठी: उघड्या हवेत लाल होईपर्यंत तापवले की टंगस्टन आणि मॉलिब्डेनम दोन्ही ऑक्साइड होऊन खलास होतात. म्हणून त्यांच्या भट्ट्या निर्वातात, नाहीतर हायड्रोजन किंवा आर्गॉनमध्येच चालतात. नायोबियम-टायटॅनियमची तार तर थेट दुसऱ्या टोकाला, उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये, एमआरआयचे चुंबक चालवते.