लॅपटॉपमध्ये जीपीआयबी कार्ड बसवताना

जीपीआयबी कार्ड म्हणजे मीटर, स्कोप (ऑसिलोस्कोप) अशी मोजमापाची उपकरणे लॅपटॉपला जोडणारे कार्ड. आमच्याकडून ते नेणाऱ्या भोसरी-चाकणच्या ग्राहकांसाठी हे पान. कार्डाच्या पाकिटातच ठेवा.

ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) आधी, कार्ड नंतर. उलट केले तर विंडोज कार्ड ओळखत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे उद्गारचिन्ह येऊन बसते. तुमची विंडोज ३२ बिट आहे की ६४, तेही आधी बघा.

आता खाच. पीसी कार्ड आणि एक्स्प्रेसकार्ड या दोन वेगळ्या जाती आहेत, एकीचे कार्ड दुसरीच्या खाचेत चालत नाही. पुष्कळ लॅपटॉपच्या खाचेत धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकचे खोटे कार्ड असते. बाजूचे बटण दाबून ते आधी काढा. पीसी कार्डाच्या कडेला ६८ बारीक छिद्रे असतात आणि तेवढ्याच पिना लॅपटॉपच्या आत. कार्ड तिरके रेटले की वाकतात त्या आतल्या पिना, म्हणजे खर्च कार्डाचा नाही, मदरबोर्डाचा. छापील बाजू वर ठेवून सरळ सरकवा. अडले तर जोर नको, बाहेर काढून पुन्हा घाला.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते, अंगावर स्थिर वीज साठते. स्वेटर घातलेल्या हाताने कार्ड धरण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते अर्थिंगकडे. दोन पिनांच्या अडॅप्टरवर लॅपटॉप चालू असताना त्याच्या धातूच्या भागाला हात लावला की कधी कधी मुंग्या येतात ना? तोच करंट केबल जोडताना कार्डातून वाट काढतो. म्हणून मीटर, स्कोप, लॅपटॉप सगळे बंद करून केबल जोडा, स्क्रू हातानेच आवळा, आणि सगळ्यांना अर्थिंग असलेल्या एकाच तीन पिनी बोर्डावरून वीज द्या. जाड केबल कार्डावर लोंबकळत ठेवू नका, टेबलाला बांधा.

एका बसवर, म्हणजे केबलने एकत्र जोडलेल्या एका जाळ्यावर, लॅपटॉप धरून १५ उपकरणे चालतात. केबल एकूण २० मीटरपर्यंत, पण उपकरणामागे २ मीटर हा हिशेब आधी. प्रत्येक उपकरणाचा पत्ता (बसवरचा त्याचा क्रमांक) वेगळा हवा. दोन उपकरणे एकाच पत्त्यावर असली की लोक कार्डालाच दोष देतात.

काढताना 'सेफली रिमूव्ह हार्डवेअर' केल्याशिवाय ओढू नका.

तरीही चालले नाही तर लॅपटॉप, कार्ड आणि केबल तिन्ही घेऊन या. नुसत्या कार्डावरून दोष कुठे आहे ते सांगता येत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद असू शकते, तेव्हा निघण्याआधी फोन करा.