आभासी फायरवॉलमधील नेटवर्क अडॅप्टरचे दोष

व्हर्च्युअल मशीनवर चालणाऱ्या फायरवॉलला दिसणारी नेटवर्क कार्डे (अडॅप्टर) हायपरव्हायझरने, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीने, सॉफ्टवेअरमध्ये उभी केलेली असतात आणि ती आभासी स्विचला जोडलेली असतात. त्यामुळे वाहतूक अडली की दोष फायरवॉलच्या नियमांत असेलच असे नाही. अतिथी (म्हणजे व्हर्च्युअल) मशीनमधला ड्रायव्हर, अडॅप्टरचा प्रकार, आभासी स्विचची धोरणे आणि ते मशीन चालवणाऱ्या यजमान संगणकाचे खरे कार्ड यांपैकी कुठेही तो असू शकतो. प्रत्यक्षात बरेच जण नियम उघडून बसतात आणि तिथेच वेळ घालवतात. त्याआधी एक साधी चाचणी करावी. पॅकेट यजमानाच्या कार्डावर येते का आणि तेच पॅकेट फायरवॉल मशीनमधून पाहता त्या कार्डाला जोडलेल्या इंटरफेसवर दिसते का, हे टीसीपीडम्प या पॅकेट टिपणाऱ्या साधनाने दोन्हीकडे पाहावे. यजमानावर दिसते पण फायरवॉल मशीनमध्ये दिसत नाही, तर नियमांना हात लावायचे कारण नाही. ही तपासणी हायपरव्हायझरच्या कन्सोलवरून करावी, कारण दुरुस्ती करताना वेब पॅनेलच तुटण्याची शक्यता असते.

‘लिंक अप’ या खुणेवर फार विसंबू नये. आभासी अडॅप्टर स्विचला जोडलेले आहे एवढेच ती सांगते. यजमानाची केबल निघाली तरी अतिथी मशीनला लिंक चालूच दिसू शकते. म्हणून दोन इंटरनेट जोडण्या असतील तर पर्यायी जोडणीवर जाण्याचा निर्णय लिंकच्या स्थितीवर न सोडता, पलीकडच्या पत्त्याला सतत पिंग करून घ्यावा लागतो.

पीएफसेन्स आणि त्यातून २०१५ मध्ये वेगळी झालेली ओपीएनसेन्स या फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर उभ्या राहिलेल्या फायरवॉल आहेत. त्यांत इंटरफेसचे नाव ड्रायव्हरवरून पडते. इंटेल कार्डाची नक्कल करणारा ई१००० अडॅप्टर ‘ईएम०’ होतो, व्हीएमवेअरचा व्हीएमएक्सनेट३ ‘व्हीएमएक्स०’, केव्हीएमसारख्या हायपरव्हायझरमधला व्हर्टआयओ ‘व्हीटीनेट०’ आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचा ‘एचएन०’. वेग वाढावा म्हणून अडॅप्टरचा प्रकार बदलला की नावही बदलते आणि जुन्या नावाला बांधलेली मांडणी निराधार होते. पीएफसेन्स अशा वेळी सुरू होताना मध्येच थांबून इंटरफेस पुन्हा नेमायला सांगते. कन्सोल कुणी उघडला नाही तर मशीन बंद पडल्यासारखेच वाटते. व्हीएमवेअरमध्ये चौथा अडॅप्टर जोडल्यावर आधीच्या तिघांचे क्रमांक इकडचे तिकडे होण्याचा प्रकारही ओळखीचा आहे. मग वॅनच्या (इंटरनेटकडील बाजूच्या) जागी लॅन (आतले नेटवर्क) येते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे क्रमांक सोडून मॅक पत्ता (प्रत्येक अडॅप्टरचा स्वतःचा पत्ता) जुळवणे. व्हीएमवेअरचे पत्ते सहसा ००:५०:५६ ने, व्हर्च्युअलबॉक्सचे ०८:००:२७ ने आणि केव्हीएमचे ५२:५४:०० ने सुरू होतात. मशीनची क्लोन प्रत काढली की मॅक पत्ता सहसा बदलतो. सेवादात्याने जोडणी जुन्या पत्त्याशी बांधली असेल तर नव्या प्रतीला आयपी पत्ता मिळतच नाही.

सर्वांत चकवणारा दोष चेकसमचा, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडले का हे तपासण्यासाठी त्यात घातलेल्या अंकाचा. चेकसम काढण्याचे काम कार्ड करील असे गृहीत धरून अतिथी मशीन ते अर्धवट सोडते. परंतु एकाच यजमानावरील दोन मशीनांमधले पॅकेट खऱ्या कार्डापर्यंत जातच नाही, त्यामुळे चेकसम शेवटपर्यंत अपुराच राहतो आणि पॅकेट टाकून दिले जाते. व्हर्टआयओ आणि फ्रीबीएसडीवरील फायरवॉल या जोडीत हे विशेषकरून आढळते. पिंग व्यवस्थित चालते, पण वेबपान उघडत नाही आणि डीएनएसचे उत्तर येत नाही. फायरवॉलच्या प्रगत नेटवर्क सेटिंग्जमध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोडिंग बंद करून मशीन पुन्हा सुरू केले की बहुधा काम भागते. पाठवणाऱ्या मशीनवर टीसीपीडम्पने ‘चेकसम चुकीचा’ म्हटले, तर मात्र घाबरू नये. तिथे पॅकेट कार्डाकडे जाण्यापूर्वीच टिपले जाते. निदान घेणाऱ्या टोकाला करावे.

दोन फायरवॉलची जोडी कार्पने (एक बंद पडली की दुसरीने तोच पत्ता घेण्याच्या पद्धतीने) चालवायची असेल तर स्विचची सुरक्षा धोरणे आड येतात. कार्प ००:००:५ई:००:०१ ने सुरू होणारा आभासी मॅक पत्ता वापरते. अडॅप्टरला न दिलेल्या पत्त्याच्या फ्रेम (पॅकेट वाहून नेणारे तुकडे) स्विच टाकून देतो. व्हीएमवेअरमध्ये त्यासाठी प्रॉमिस्क्युअस मोड (इतरांच्या फ्रेमही पाहणे), मॅक पत्त्यातील बदल आणि फोर्ज्ड ट्रान्समिट (वेगळ्या मॅक पत्त्याने पाठवणे) या तिन्हींना मुभा द्यावी लागते, तर हायपर-व्हीमध्ये मॅक स्पूफिंग (दुसरा मॅक पत्ता वापरणे) चालू करावे लागते. दोन्ही फायरवॉल स्वतःला ‘मास्टर’ म्हणवू लागल्या, तर २२४.०.०.१८ या पत्त्यावरील घोषणा एकमेकींपर्यंत पोचत नाहीत असे समजावे. ही मुभा संपूर्ण स्विचला न देता फायरवॉलच्या पोर्ट ग्रुपपुरतीच (स्विचवरील तिच्या पोर्टांच्या गटापुरतीच) ठेवणे शहाणपणाचे.

व्हीलॅनबाबत (फ्रेमवर क्रमांकाचा टॅग लावून एकाच स्विचवर वेगळी ठेवलेली नेटवर्क) व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरच्या साध्या स्विचवर पोर्ट ग्रुपला ४०९५ क्रमांक दिला तरच टॅगसह फ्रेम आत पोचतात. दुसरा क्रमांक दिला तर टॅग स्विचवरच काढला जातो आणि फायरवॉलमधला व्हीलॅन इंटरफेस कोरडा राहतो. छोटी पाने उघडतात पण मोठ्या फायली अडकतात, तेव्हा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) पाहावे. व्हीएक्सलॅनचे (एका नेटवर्कवरून दुसरे आभासी नेटवर्क नेण्याच्या पद्धतीचे) आवरण त्यातले ५० बाइट खाते. यजमानाच्या वायफायला ब्रिजने थेट जोडलेली फायरवॉल बहुतेक वेळा चालत नाही, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट फक्त नोंदलेल्या मॅक पत्त्याच्या फ्रेम स्वीकारतो.

खरे कार्डच पासथ्रूने (आभासी स्विच वगळून थेट) फायरवॉलला देऊन टाकले तर स्विचचे बरेचसे प्रश्न मिटतात. त्यासाठी प्रोसेसर आणि मदरबोर्डवर इंटेलची व्हीटी-डी किंवा एएमडीची एएमडी-व्ही-आय ही त्यासाठीची सोय चालू असावी लागते, आणि चालू मशीन दुसऱ्या यजमानावर हलवण्याची सोय सहसा जाते.