डेंटल कॉलेजातली स्लाइड बनवणारा तंत्रज्ञ : पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज, कोकणातल्या उमेदवारांसाठी

तोंडातली महिनाभर न भरणारी जखम, गालाच्या आतला पांढरा चट्टा, जबड्यातली गाठ. डॉक्टर यातला छोटा तुकडा काढून फॉर्मेलिनच्या, म्हणजे तुकडा कुजू न देणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत टाकतात आणि ती बाटली डेंटल कॉलेजच्या ओरल पॅथॉलॉजी, म्हणजे तोंडाच्या रोगांचं निदान करणाऱ्या, विभागात जाते. निदानाखाली सही डॉक्टरांची असते. पण बाटलीतल्या तुकड्याची रंगवलेली, वाचता येण्याजोगी काच, म्हणजे स्लाइड, होईपर्यंतचं जवळपास सगळं काम तंत्रज्ञाच्या हातचं. ही नोकरी मिळवायची कशी, हे विचारणारी मुलं हल्ली बरीच भेटतात आणि त्यातली निम्मी चुकीच्या कोर्सला पैसे भरायच्या बेतात असतात.

म्हणून आधी तेवढं स्पष्ट करतो. कवळी, कॅप, ब्रिज बनवतो तो दंत यांत्रिकी, म्हणजे डेंटल मेकॅनिक. दात साफ करण्याच्या कामात डॉक्टरांना हातभार लावतो तो दंत आरोग्यक. या दोघांची नोंदणी दंतवैद्यकाच्या कायद्याखाली होते. ऊती, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा, तपासणीसाठी तयार करणारा तंत्रज्ञ यात कुठेच बसत नाही. त्याची वाट पॅथॉलॉजी लॅबची, म्हणजे डीएमएलटीची (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा). सार्वजनिक आरोग्य विभागाच्या गट-क भरतीत दंत यांत्रिकी, दंत आरोग्यक आणि हिस्टोपॅथी तंत्रज्ञ (हाच तो ऊतींच्या स्लाइड बनवणारा) ही वेगवेगळी पदं असतात. ‘डेंटल’ शब्द बघून पहिल्या दोनांत अर्ज भरलात तर कागदपत्र पडताळणीत बाहेर पडाल आणि भरलेली फी परत मिळत नाही.

डेंटल कॉलेजांच्या जाहिरातीत मात्र ‘हिस्टोपॅथी’ हा शब्द सापडेलच असं नाही. तिथे नुसतं ‘प्रयोगशाळा तंत्रज्ञ’ किंवा ‘लॅब टेक्निशियन’ छापलेलं असतं, विभाग आतल्या तक्त्यात. जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचायची.

जागा कुठे निघतात

रत्नागिरी जिल्ह्यात खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे. त्यानंतर थेट नवी मुंबई गाठावी लागते : नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यात डेंटल कॉलेजं दाटीने आहेत. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय. गावाकडेच राहायचं असेल तर नजर डेंटलपुरती ठेवू नका. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, चिपळूणजवळ सावर्ड्याला वालावलकर रुग्णालयाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यांच्या पॅथॉलॉजी विभागात तोंडाचे तुकडेही येतात आणि कामाची पद्धत तीच असते. तिथे दोन वर्षं मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाला डेंटल कॉलेज हसत घेतं.

शिक्षण आणि नोंदणी

बारावी विज्ञान शाखेतून, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन. पुढे डीएमएलटी, किंवा बीएस्सी करून मग डीएमएलटी, किंवा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पॅरामेडिकल पदवी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ शाखेतून. बीपीएमटी म्हणजे तीन वर्षं शिक्षण आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. मला विचाराल तर जमत असेल त्याने बीपीएमटीच करावं, कारण शिकतानाच मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये हात चालतो. जाहिरातीतली शैक्षणिक अर्हता शब्दन्‌शब्द वाचा. पदवी मागितली असेल तर नुसता डिप्लोमा, कितीही टक्के असले तरी, चालत नाही.

तालुक्याच्या बाजारपेठेत दुकानाच्या माडीवर चालणाऱ्या ‘पॅरामेडिकल इन्स्टिट्यूट’पासून सावध. प्रमाणपत्रावर ‘राष्ट्रीय’, ‘अखिल भारतीय’ असे भारदस्त शब्द असतात, होलोग्राम असतो, पण त्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही. प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : या डिप्लोमावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का? उत्तर तोंडी नको. परिषदेकडे स्वतः खात्री करा. ही परिषद २०११ च्या महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियमाखालची. २०२१ पासून संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचाही स्वतंत्र कायदा आहे. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय सरकारी अर्जात पुढे सरकता येत नाही आणि चांगली खासगी कॉलेजंही ते मागतात. मुदत संपलेली नसावी, आणि त्यावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळायला हवं.

कागदपत्रं, आणि त्यातली कोकणातली अडचण

दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र (जन्मतारखेचा पुरावा म्हणून हेच चालतं), बारावी, पदवी किंवा डिप्लोमाच्या सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, नोंदणी प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, एमएस-सीआयटी किंवा समकक्ष संगणक प्रमाणपत्र. राज्याच्या नोकरीसाठी अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला डोमिसाइल म्हणतो ते. यात राज्यातल्या १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र हाताशी ठेवायचं. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र २००५ च्या नियमांनुसार द्यावं लागतं. हे झालं सरळ काम. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून यातलं बरंचसं निघतं.

गाडी अडते ती जातीच्या दाखल्यात आणि त्याहून जास्त जात वैधता प्रमाणपत्रात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आता आपल्याकडचं घर बघा. आजोबा गिरणीत, वडील मुंबईतच शिकलेले, शाळेचा दाखला महापालिकेच्या शाळेचा आणि त्यावर जातीचा रकाना कोरा किंवा नुसतं ‘हिंदू’. गावाकडच्या नोंदीत आडनाव एक, मुंबईच्या कागदावर दुसरं, कारण मधल्या काळात कुणीतरी गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. अशा वेळी गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं जुनं जनरल रजिस्टर शोधायचं. आजोबांचा नाही तर चुलत आजोबांचा, आत्याचा दाखला तिथे सापडतो. तो नाहीच सापडला तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. सापडलेल्या माणसापासून तुमच्यापर्यंतची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर मांडायची. वैधतेचा प्रस्ताव जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो आणि तिथे वेळ लागतो. जाहिरात आल्यावर हे काम सुरू करणं म्हणजे पाऊस लागल्यावर कौलं चाळायला चढणं.

नॉन-क्रिमिलेअर प्रांत कार्यालयातून मिळतं आणि त्याची मुदत अर्जाच्या वेळी चालू असावी लागते. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच असतो. मार्चअखेरीस काढलेला दाखला एप्रिलच्या जाहिरातीला कामाचा नाही. आणि शेवटची तारीख गणपतीच्या आसपास असेल तर पंधरा दिवस आधीच मोकळे व्हा. त्या दिवसांत सेतूत गर्दी नसते, पण सही करणारेही नसतात.

प्रकल्पग्रस्तांना सरळसेवेत ५ टक्के समांतर आरक्षण आहे. दोडामार्गात तिळारी धरणासाठी जमीन गेलेल्या कुटुंबातली कितीतरी मुलं हा रकाना रिकामाच सोडतात. दाखला जिल्हा पुनर्वसन कार्यालयाचा असतो.

अर्ज

सरकारी भरतीचा अर्ज ऑनलाइनच. वयोमर्यादा साधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षं. वय कोणत्या तारखेला मोजणार ते जाहिरातीत दिलेलं असतं. फोटो आणि सहीची फाइल सांगितलेल्या आकारातच हवी. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर प्रवर्गाचा रकाना सोडू नका, तिथला एक चुकीचा टिचका नंतर दुरुस्त होत नाही. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचे द्या, कॅफेचे नव्हे. प्रवेशपत्र त्याच ईमेलवर येतं. परीक्षा संगणकावर, वस्तुनिष्ठ. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि सोबत विषयाचे तांत्रिक प्रश्न.

खासगी कॉलेजात वेगळं. वर्तमानपत्रात किंवा कॉलेजच्या फलकावर थेट मुलाखतीची तारीख येते. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज, बायोडेटा, झेरॉक्सचा स्वसाक्षांकित संच आणि मूळ कागद. इथे सगळ्यात वजनदार कागद अनुभवाच्या दाखल्याचा आणि नेमका तोच बहुतेकांचा पोकळ असतो. ‘यांनी आमच्याकडे लॅब टेक्निशियन म्हणून समाधानकारक काम केले’ या वाक्यातून काहीच कळत नाही, कारण शुगर आणि सीबीसी करणाराही लॅब टेक्निशियनच. दाखल्यात टिश्यू प्रोसेसिंग (तुकड्यातलं पाणी काढून मेण मुरवणं), एम्बेडिंग (तो मेणाच्या ठोकळ्यात बसवणं), मायक्रोटोमी (पातळ काप काढणं), एच अँड ई स्टेनिंग (काप रंगवणं), डीकॅल्सिफिकेशन (दात-हाडातला चुना काढणं) ही कामं नावानिशी लिहून घ्या. पूर्वीच्या साहेबांना मसुदा तयार करून दिलात तर ते सही करतात, कुणी नाही म्हणत नाही.

हात दाखवायला सांगतात तेव्हा

मुलाखतीत बहुधा ब्लॉक, म्हणजे तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा, समोर ठेवून ‘कापून दाखवा’ म्हणतात. म्हणून कामाचा क्रम डोक्यात नव्हे, हातात बसलेला हवा. तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये, द्रव तुकड्याच्या किमान दसपट. मग चढत्या टक्केवारीच्या अल्कोहोलमधून पाणी काढायचं, झायलीनमधून पारदर्शक करायचं आणि ५६ ते ६० अंशांना वितळणाऱ्या पॅराफिन मेणात मुरवायचं. ‘एल’ आकाराच्या साच्यात ब्लॉक लावताना तुकडा उभा लावायचा, म्हणजे वरची त्वचा आणि खालची ऊती दोन्ही एका कापात येतात. आडवा लागला तर कर्करोग तळाचा पडदा फोडून आत उतरलाय की नाही हे डॉक्टरांना सांगताच येत नाही. रोग्याच्या शस्त्रक्रियेचा निर्णय अशा एका बारीक गोष्टीवर अवलंबून असतो. पुढे चार मायक्रॉनच्या आसपास जाडीचे काप, कोमट पाण्यावर रिबन (सलग कापांची पट्टी), काचेवर उचलणं, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन (एच अँड ई) हे दोन रंग, आणि शेवटी वरची काच चिकटवायला डीपीएक्स.

डेंटलमधला खास प्रश्न दाताचा आणि हाडाचा. कठीण ऊती मेणात कापली जात नाही, आधी तिच्यातला चुना काढावा लागतो. नायट्रिक आम्लात लवकर निघतो पण जास्त वेळ ठेवलं तर रंग नीट धरत नाही. फॉर्मिक आम्ल मवाळ. ईडीटीएला आठवडे लागतात, पण ऊती सगळ्यात चांगली राहते. दाताचं इनॅमल जवळजवळ ९६ टक्के खनिज, ते आम्लात विरघळूनच जातं. म्हणून इनॅमल बघायचं तर दात दगडावर घासून पातळ करायचा, ज्याला ग्राउंड सेक्शन म्हणतात. ‘इनॅमल का दिसत नाही?’ हा मुलाखतीतला आवडता प्रश्न आहे.

इथल्या हवेचे दोन प्रश्न पुस्तकात फारसे नसतात, पण विचारले जातात. पावसाळ्यात अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे निर्जळ, अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं, झाकण सैल राहिलं की निर्जलीकरण अपुरं होतं आणि झायलीन दुधासारखं पांढुरकं दिसायला लागतं. तसं दिसलं तर मागे जाऊन ताजं अल्कोहोल. मे महिन्यात मेण नरम पडतं, काप चुरगळतात, तेव्हा ब्लॉक बर्फावर ठेवून कापायचा. रात्री वीज गेली आणि प्रोसेसरची, म्हणजे तुकडे आपोआप एका बाटलीतून दुसरीत नेणाऱ्या यंत्राची, टोपली दोन बाटल्यांच्या मध्ये लटकली तर तुकडे सुकतात. ज्या लॅबला इन्व्हर्टर नाही तिथे रात्रीचा फेरा लावू नये, हे उत्तर दिलंत तर समोरचा मान हलवतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी आणि तंबाखूमुळे तोंड उघडेनासं झालेले रोगी येतच असतात. त्यांचा तुकडा तंतुमय आणि चिवट असतो. असा ब्लॉक बोथट ब्लेडने कापू नये.

रुजू होताना

सरकारी जागेला वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी होते. खासगीत मूळ प्रमाणपत्रं ‘ठेवून घेतो’ म्हणाले तर देऊ नका, झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवून परत घ्या. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी संस्थेची आहे. पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. उरलेली ऊती पिवळ्या पिशवीत, वापरलेली ब्लेडं पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. फॉर्मेलिनची वाफ कर्करोगकारक मानली गेली आहे, तेव्हा ग्रॉसिंगच्या, म्हणजे आलेला तुकडा पाहून-कापून तपासणीला घेण्याच्या, टेबलाशी हवा खेचणारा पंखा चालू आहे का हे नेमणूकपत्रावर सही करण्याआधी लॅबमध्ये जाऊन बघून या.